पुन्हाची री, मागची री

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चाळीच्या अख्ख्या कमिटीनं एकमतानं राजीनामा दिला. एकोणीस वर्षांत या कमिटीचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ. गच्चीवरच्या टाकीला पत्र्याचं झाकण बसवायचं की सिमेंटचं, यावर ज्यांनी तीन सभा घालवल्या होत्या, त्याच सात जणांनी सात मिनिटांत सह्या ठोकल्या. वर्गणीच्या हिशेबाचा घोळ नव्हता, नळावरचं भांडण नव्हतं. कारण होती एक आडवी रेघ. तीही असल्यामुळे नव्हे, नसल्यामुळे.

आमची चाळ काळाचौकीत, दत्ताराम लाड मार्गापासून थोडी आत. तळमजला अधिक तीन, खोल्या चौसष्ट, दर मजल्याला एक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सकाळची रांग. जिन्याखाली एक तात्पुरता लाकडी टेकू आहे. तो माझ्या धाकट्या लेकीहून दोन वर्षांनी मोठा, आणि तिचा मुलगा आता चौथीत आहे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यामुळे चाळीत इंग्रजीतून काहीही आलं, मग तो नातवाच्या व्हिसाचा कागद असो की औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, ते वाचायला माझ्याकडे येतं. फक्त त्या रविवारी मी लेकीकडे डोंबिवलीला गेलो होतो. कमिटीनं बिल्डरचं पत्र स्वतः वाचलं.

पत्रात काय होतं ते सांगतोच. पण त्याआधी फळ्याकडे जावं लागेल.

वर्गात मी दरवर्षी जूनमध्ये एकच पाटी गिरवायचो: इंग्रजी क्रियापदाच्या आधी ‘रि’ लागला की अर्थ ‘पुन्हा’. राइट म्हणजे लिहिणे, रिराइट म्हणजे पुन्हा लिहिणे. ओपन, रिओपन. पोरं माना डोलवायची, मी पुढच्या धड्याकडे वळायचो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. म्हणाला, “सर, टायर म्हणजे दमणे ना? मग रिटायर म्हणजे पुन्हा दमणे का? आमचे बाबा रिटायर झाले, तवापासून नुसते झोपून असतात.”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि संध्याकाळी घरी येऊन शब्दकोश उघडला. हा ‘रि’ लॅटिनमधून आलेला, आणि लॅटिनमध्ये त्याचे अर्थ दोन: एक पुन्हा, दुसरा मागे. रिटायर फ्रेंचमधून आला. त्यातला ‘तिरे’ म्हणजे ओढणे. रिटायर म्हणजे मागे ओढणे, आधी लढाईत सैन्य मागे घ्यायचं ते. मी एकतीस वर्षांतली पहिली आठ वर्षं अर्धाच ‘रि’ शिकवला होता. पुन्हाचा शिकवला, मागचा राहिला.

खरं तर मराठी माणसाला हे अवघड जायला नको. आपल्याकडे ‘परत’ आहे. ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग, ‘परत दे’ म्हणजे होतं तिथे दे, आणि ‘परत ये’ मध्ये दोन्ही. पाहुण्याला म्हटलं तर पुन्हा या, रुसून गेलेल्या बायकोला म्हटलं तर माघारी ये. लॅटिननं जे एका अक्षरात भरलं ते आपण तीन अक्षरांत भरलं, एवढाच फरक. पण सरकारी मराठीनं ‘परत’ला कधी दारात उभं केलं नाही. तिथे सगळं ‘पुनर्’: पुनर्विकास, पुनर्वसन, पुनर्रचना, पुनर्बांधणी. म्हणजे फक्त पुन्हा. मागे जाण्याचा विषयच नाही. या ‘पुनर्’मधला शेवटचा र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, त्याला आपण रेफ म्हणतो. इंग्रजांचा ‘रि’ निदान दारात उभा असतो, आपला डोक्यावर बसतो.

आता बुवा. बुवा तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. गिरणीत साचेखात्यात होते, आणि आजही आमच्या भजनी मंडळाचे बुवा आहेत. तरुणपणी डबलबारीत समोरच्या बुवाला पहाटेपर्यंत उठू दिलं नाही, असं ते स्वतः सांगतात, आणि समोरचे बुवा आता हयात नसल्यामुळे ते खरं धरावं लागतं. दर गुरुवारी तळमजल्यावर भजन. बुवा चरण म्हणतात, मागे बसलेले टाळकरी तोच चरण उचलून लांबवतात. याला म्हणतात री ओढणे. मी एकदा चहा पिता पिता त्यांना रिटायरची हकीकत सांगितली. री म्हणजे मागे, तिरे म्हणजे ओढणे.

बुवांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मास्तर, रिटायर म्हणजे री ओढणं?”

अक्षरशः तेच होतं. एकतीस वर्षांत एकाही शाळा तपासनिसाला सुचलं नाही ते पेटीवरच्या माणसानं एका घोटात सांगितलं. वर आणखी म्हणाले, “आमच्या रीमध्ये दोन्ही आहे बघा. ओढणारे मागे बसतात, आणि म्हटलेलंच पुन्हा म्हणतात.”

त्या दिवसापासून बुवांना छंद जडला. कुठेही ‘रि’ ऐकला की विचारायचं: ही री पुन्हाची की मागची? टीव्हीवर, रेशनच्या दुकानात, डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरानं रिपोर्ट घेऊन या. बुवा तिथूनच फोन लावून मला विचारतात, रिपोर्ट कुठली? मी सांगतो, मागची. पोर्ट म्हणजे वाहून नेणे, तर तिकडचं काही वाहून माघारी आणणे. बुवा डॉक्टरला सांगतात, “मागची आहे.” डॉक्टर बिचारा पुढचा पेशंट बोलावतो.

या खुळापायी माझ्याकडून काळाचौकीचा एक वेगळाच इतिहास वाचून झाला. आमच्या वाडवडिलांना गिरणीनं ‘रिक्रूट’ केलं. हा शब्द मूळचा ‘पुन्हा वाढणे’. छाटलेल्या झाडाला नवी फूट येते तसा. रत्नागिरी, सातारा, कोल्हापुरातून माणसं येत गेली आणि गिरणीला नवी फूट येत गेली. आली ती इथे ‘रिसाइड’ झाली. यातला ‘साइड’ म्हणजे बसणे. रिसाइड म्हणजे मागे बसून राहणे. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं, त्यातली निम्मी रात्रपाळीला, म्हणून उरलेल्यांना आडवं व्हायला जागा. बसून राहणे हेच बरोबर. त्या खोलीचा ‘रेंट’. रेंटमध्ये ‘री’ लपलेली आहे हे मला फार उशिरा कळलं. लॅटिनमधल्या ‘परत देणे’ या क्रियापदापासून फ्रेंचांनी ‘रांत’ केला, त्याचा हा रेंट. आणि महिन्याच्या सात-दहा तारखेला पोस्टात मनीऑर्डरची रांग, गावी पैसे ‘रेमिट’ करायला. ‘मिट’ म्हणजे पाठवणे, रेमिट म्हणजे मागे पाठवणे. कणकवलीहून आलेला माणूस कणकवलीला पैसे पाठवतो, यापेक्षा चोख री मी पाहिलेली नाही. इंग्रजी न येता माझे वडील हे क्रियापद दर महिन्याला चालवत होते.

गिरणीत एक रिलिंग खातंही होतं, तिथे बायका सूत गुंडाळायच्या. बुवांनी ते मोठ्या आशेनं माझ्यापुढे ठेवलं. पण त्यात री नाही, ते मुळातच रीळ. आज नातवंडं मोबाइलवर बनवतात ती रील त्याच घराण्यातली. बुवा दोन दिवस नाराज होते.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पुढे डॉक्टर दत्ता सामंत. पहिले सहा महिने चाळीत एकच शब्द होता, ‘रिओपन’. गिरणी रिओपन होणार. पुन्हाची री, आणि ती ओढायला काळाचौकीपासून वरळीपर्यंत सगळे टाळकरी. मग ती री बारीक होत गेली आणि दुसरे शब्द आले. ‘रिट्रेंच’ आला. यातला ‘ट्रेंच’ म्हणजे कापणे, तेव्हा मागून कापत येणे. त्यानंतर स्वेच्छेची रिटायरमेंट आली, त्यातली स्वेच्छा नक्की कोणाची हे कागदावर लिहिलेलं नसे. आणि संपाचं म्हणाल तर तो संपला असं कोणीच कधी जाहीर केलं नाही. बुवा आजही म्हणतात, “मी संपावर आहे.” निवृत्तिवेतन कुठलंच मिळत नसल्यामुळे त्यांना रिटायर म्हणता येत नाही हे खरंच आहे.

गिरणीच्या जागेचं काय करायचं याचा नियम 1991 साली झाला. विकास नियंत्रण नियमावलीतलं 58 वं कलम. त्यात ढोबळ हिशेब असा की जमिनीचे तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. दहा वर्षांनी, 2001 साली, हे कलम ‘रिव्हाइज’ झालं. रिव्हाइज म्हणजे पुन्हा बघणे. पुन्हा बघितलं तेव्हा असं दिसलं की वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याचेच. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ग्राह्य धरलं. एवढं नजरेला येणारं पुन्हा बघणं माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मोतीबिंदू काढल्यावर जग मोठं दिसतं म्हणतात, इथे लहान दिसलं. म्हाडानं 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, पुढे आणखी काढल्या. अर्ज लाखाच्या वर, घरं काही हजार. आणि अलीकडे या घरांसाठी मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचं नाव निघालं तेव्हा कामगार मोर्चा घेऊन गेले. ‘रिलोकेट’ला मराठीत ‘स्थलांतर’ म्हणतात. त्यात पुन्हाही नाही आणि मागेही नाही, सरळ लांब आहे.

इकडे एक ऐकण्यासारखी गोष्ट अशी, की आमच्या भागात लोक बोलताना ‘रिडेव्हलपमेंट’मधली री खाऊन टाकतात. “बाजूची चाळ डेव्हलपमेंटला गेली,” असं म्हणतात. ‘गेली’. जसं दागिने गहाण जातात किंवा म्हातारं माणूस जातं. फ्रेंच मुळात डेव्हलप म्हणजे गुंडाळलेलं सोडवणे, उलगडणे. तेव्हा रिडेव्हलप म्हणजे पुन्हा उलगडणे. आमच्याकडे उलगडायच्या आधी बरंच काही गुंडाळतात, हा भाग शब्दकोशात नाही.

अभ्युदयनगर घ्या. म्हाडाची वसाहत, पन्नासच्या आसपास इमारती, तीन हजारांवर कुटुंबं. तिथल्या पुनर्विकासाची चर्चा ज्यांनी लग्नात ऐकली ते आता नातवाच्या मुंजीत ऐकताहेत. पावसाच्या नक्षत्रांत पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात आणि त्यानंतरच्या पुष्याला म्हातारा. आमच्याकडे पुनर्वसन निघतं तेव्हा तरणं असतं.

सेस भरणाऱ्या जुन्या चाळींची तऱ्हा वेगळी. 1969 च्या कायद्यानं दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ आलं, लोकांच्या तोंडी ‘रिपेर बोर्ड’. चाळीत ‘रिपेर’ हे नाम आहे, क्रियापद आहे आणि ऋतूही आहे: “रिपेर निघालीय”, “रिपेरच्या वेळी हे कपाट हलवलं होतं”. आणि पाडून नवं बांधायचं असेल तर भाडेकरूंची संमती लागते, पूर्वी 70 टक्के होती, ती 51 वर आली. त्या संमतीला कागदावर जे विशेषण आहे ते मी बुवांना वाचून दाखवलं: ‘इररिव्होकेबल’. “यात री कुठे आहे ते शोधा,” म्हटलं. बुवांनी तीनदा म्हणायला लावलं. आत सापडली, पोटात. ‘व्होक’ म्हणजे हाक मारणे. रिव्होक म्हणजे हाक मारून परत बोलावणे. आणि हा सगळा शब्द म्हणजे जिला हाक मारून परत बोलावता येत नाही ती. “सासरी गेलेली मुलगी,” बुवा म्हणाले. मग थोडं थांबून, “तीसुद्धा गणपतीला येते.”

नव्या इमारतीत दोन भाग असतात: एक ‘सेल’, एक ‘रिहॅब’. सेल म्हणजे विकायचा, त्याला काचेची लॉबी. रिहॅब म्हणजे आपला, त्याला मागच्या गल्लीतून गेट. इथे री मागची हे सांगायला शब्दकोश नको. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींची नात न्यू जर्सीत असते. मावशींनी तिला फोनवर कौतुकानं सांगितलं, “अगं, शेजारच्या चाळीतले तुझे नाना-नानी रिहॅबमध्ये गेले. दोघंही. किती वर्षं वाट बघत होते.” तिकडे बराच वेळ शांतता. मग नातीनं हळूच विचारलं, “आजी, दोघंही? कधीपासून घेत होते?” मावशी म्हणाल्या, “घेतायत कसले, मिळालं त्यांना. तीनशे फूट.” नातीनं त्याच रात्री आईला फोन करून विचारलं की इंडियात व्यसनमुक्ती केंद्रात जागा फुटावर देतात का.

चूक तिची नाही. तिथे रिहॅब म्हणजे दारू सोडवायची जागा. आणि मूळ शब्द बघायला गेलं तर या दोन्हींहून भारी आहे: रिहॅबिलिटेट म्हणजे एखाद्याचा गेलेला हुद्दा, मान, अधिकार त्याला परत देणे. ‘परत’ आला बघा शेवटी. तो मान मागच्या गेटातून आत नेता येतो की नाही, याची तरतूद नियमावलीत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मराठीनं झकास केली आहे, आणि तिचं श्रेय व्याकरणवाल्यांनी अजून दिलेलं नाही. इंग्रजी क्रियापद आपण आणतो, पण त्याला एकटं फिरू देत नाही. मागे आपला माणूस लावून देतो: करणे, होणे, मारणे, टाकणे, घेणे. आणि खरी बातमी तो मागचा माणूस सांगतो. ‘रिटायर झाला’ म्हणजे साठी आली. ‘रिटायर केला’ म्हणजे साठी आली नव्हती. ‘रिझाइन दिला’ म्हणजे दुसरीकडे नोकरी मिळाली. ‘रिझाइन टाकला’ म्हणजे साहेबाशी भांडून दिला. आणि ‘रिझाइन घेतला’ म्हणजे केबिनमध्ये बोलावून, पेन हातात देऊन घेतला. इंग्रजीला हे दाखवायला अख्खं वाक्य लागेल. ‘रिचार्ज’ तर आपण मारतोच, माशी मारावी तसा. आमच्या चाळीत कोणी ‘गिरणी बंद झाली’ म्हणालं की बुवा थांबवतात. “झाली नाही. केली.” तिथे इंग्रजीची गरजच पडत नाही.

दुसरी सवय अशी की त्या ‘री’वर आपला मुळीच भरवसा नाही, म्हणून आपण तिच्या जोडीला मराठी पुरवणी देतो. “गाडी रिव्हर्स मागे घे.” “पुन्हा रिपीट करू नकोस.” “माल रिटर्न परत केला.” इंग्रजीच्या मास्तराला यानं घाम फुटायचा. आता वाटतं, ठीक आहे. टेम्पो भिंतीला टेकायच्या बेतात असताना लॅटिनवर विसंबून कसं चालेल? आणि आम्हाला सवय मागून ओरडणाऱ्याची. टेम्पोचं सोडा, रिक्षाही इकडे नाही. मुंबई शहराच्या बेटावर तिला बंदी आहे. बाकी सगळ्या री आल्या, जिच्यात बसून काही अंतर जाता आलं असतं ती सायनच्या अलीकडे आली नाही. तिच्यात री नाहीच म्हणा, शब्द जपानी आहे.

तर ते पत्र.

बिल्डरच्या कचेरीतून आलेलं, जाड कागद, वर सोनेरी खूण. मी नंतर पाहिलं. सुरुवात ‘रेफ’नं, शेवट ‘रिगार्ड्स’नं. रेफ म्हणजे रेफरन्स, मागे नेणे. रिगार्ड्स म्हणजे मागे वळून बघणे. या दोन टोकांच्या मध्ये बुवांनी नंतर पेन्सिलीनं खुणा केल्या, चौदा री भरल्या. सात वर्षांपूर्वी चाळीनं दिलेल्या संमतीपत्रांवर जुन्या कंपनीचं नाव होतं, नकाशाही बदलला होता. त्यामुळे सगळ्यांनी नव्यानं सह्या करायच्या होत्या, आधी कमिटीनं, मग भाडेकरूंनी. साधी गोष्ट. पत्र लिहिणाऱ्यानं क्रियापद वापरलं ‘री-साइन’. पुन्हा सही करणे. यात ‘री’ आणि ‘साइन’ यांच्या मध्ये आडवी रेघ द्यायची असते, आणि ती पत्रात नव्हती. रेघ नसली की त्याच अक्षरांचा होतो रिझाइन.

सेक्रेटरींनी ते वाक्य कमिटीसमोर मोठ्यानं वाचलं: कमिटीच्या सर्व सभासदांना विनंती आहे की येत्या रविवारपर्यंत आमच्या प्रतिनिधीसमोर राजीनामा द्यावा. कळावे. पुढे ‘काइंडली रिव्हर्ट’ होतं. हापिसातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ उत्तर द्या. शब्दकोशात त्याचा अर्थ होता तसे व्हा.

सेक्रेटरी मानी माणूस. जकात खात्यात आयुष्य गेलं, पण कोणाचा चहा घेतला नाही असं त्यांच्या पत्नी सांगतात. ते उभे राहिले. “आमचा राजीनामा मागणारा हा कोण? चाळ आमची, कमिटी आमची. याच्या प्रतिनिधीसमोर देऊ? याच्या आधी देऊ!” खजिनदार म्हणाले, मीही देतो. हिशेब द्यायचा राहिलेला असताना ही संधी कोण सोडणार? बघता बघता सातही सह्या झाल्या. विरोधी गट गॅलरीत कान देऊन उभाच होता. त्यांनी राजीनामे तिथल्या तिथे मंजूर केले आणि लालबागहून पेढे आणवले. त्यातले दोन सेक्रेटरींकडेही गेले, आणि रागाच्या भरात त्यांनी ते खाल्ले.

मी रात्री नऊला डोंबिवलीहून आलो तेव्हा जिन्यात तीन जण पत्र घेऊन बसले होते. मी चश्मा पुसला, वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सकाळी कचेरीत फोन केला. एक पोरगा बोलला, आवाजावरून विशीतला. “सर, री-साइन आहे ते. मी रेघ मारली होती. कॉम्प्युटरनं खाल्ली.”

“तुमच्या कॉम्प्युटरनं आमची कमिटी खाल्ली,” मी म्हटलं.

“सॉरी सर. मी रिसेंड करू?”

पुन्हाची री. मी म्हटलं, करा.

आता पेच असा पडला. रविवारी प्रतिनिधी येणार, त्याच्यासमोर आधी कमिटीनं री-साइन करायचं. पण कमिटीनं रिझाइन केलेलं. ज्यानं रिझाइन केलं त्याला री-साइन करता येत नाही, आणि ज्याला री-साइन करायचं त्याला आधी रिझाइन रिव्होक करावा लागेल. विरोधी गटाचं म्हणणं, राजीनामा इररिव्होकेबल होता. सेक्रेटरींचं म्हणणं, गैरसमजातून दिलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे. दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या. मी कोश काढला. तर पंचाईत आणखी वाढली, कारण रिझाइनमधला ‘साइन’ आणि सहीचा ‘साइन’ एकच निघाला. लॅटिनमध्ये रिझाइन म्हणजे केलेली मोहोर फोडणे, सही उलटी फिरवणे. दोन्ही शब्द सख्खे भाऊ, एक पुन्हाच्या रीचा, दुसरा मागच्या. हे मी सभेत सांगितलं. विरोधी गटातला एक जण म्हणाला, “सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?”

तोडगा बुवांनी काढला. म्हणाले, राजीनाम्याचा कागद आणा. तो आणला. त्यावर सेक्रेटरींनी बाणेदारपणे इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: आम्ही सर्व रिझाइन करतो. बुवांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, “कुठे मारायची रेघ?” असं विचारलं आणि मी दाखवलं तिथे, त्या दोन अक्षरांनंतर, एक आडवी रेघ मारली. आम्ही सर्व री-साइन करतो. खाली सात सह्या होत्याच. ये रे माझ्या मागल्या! विरोधी गटानं अर्धा तास आरडाओरडा केला, पण पेढे वाटून झालेले असल्यामुळे त्यांच्याजवळ आता खर्चायला काही उरलं नव्हतं. प्रतिनिधी म्हणाला, चालेल.

पुढच्या आठवड्यात बिल्डरकडून आणखी एक पत्र आलं, या वेळी थेट माझ्या नावानं. गुरुवार होता, भजन सुरू व्हायचं होतं. बुवा पेटीच्या भात्यावरची धूळ पुसत बसले होते, पोरं टाळांच्या दोऱ्या आवळत होती. मी पत्र उघडलं. मोजून दोन ओळी: झालेल्या चुकीबद्दल आम्ही रिग्रेट करतो.

“आली का एक?” बुवांनी मान वर न करता विचारलं. “पुन्हाची की मागची?”

“ही जरा वेगळी आहे,” मी म्हटलं. “रिग्रेट म्हणजे आता नुसती दिलगिरी. पण जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ, माणूस मेल्यावर त्याच्यासाठी आक्रोश करणं.”

बुवांचा हात भात्यावर थांबला.

“कोण गेलं?”